महाराष्ट्रातील स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजांमध्ये, बचत गटांच्या बैठकांत आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मला जे प्रश्न विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्या विषयावर लोक थांबून ऐकतात, तिथे मीही थांबले आहे.

हे हक्क शेवटी पुरुष सुधारकांनीच मिळवून दिले ना?

पाठ्यपुस्तक वाचून तसेच वाटते. फुले, रानडे, आगरकर, कर्वे, आंबेडकर ही नावे खरी आहेत आणि त्यांचे काम कुणी नाकारत नाही. पण त्याच काळात बायका गप्प बसल्या होत्या हे खोटे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर मागितल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ही १८८२चेच. सुरतेकडे एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा चिडून ताराबाईंनी हे लिहिले. त्यांचा मुद्दा असा, की जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण बाकीच्यांनी असा काही विषय मिटवला की ते पुस्तक लोकांच्या हातात पुन्हा यायला १९७५ साल उजाडले. बायकांनी लिहिले नाही असे नाही, ते जपले गेले नाही.

सावित्रीबाईंच्या आधी मुलींची एकही शाळा नव्हती का?

होती. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे धडे अहमदनगरला मिशनरी फरारबाईंच्या शाळेशी जोडलेले आहेत. मग १८४८च्या भिडेवाड्याचे एवढे काय? तर तिथे शाळा काढणारे मिशनरी नव्हते की सरकारही नव्हते, फुलमाळी समाजातले एक नवरा-बायको होते, आणि शिकवायला बाई स्वतः उभी होती. पुढच्या काही वर्षांत त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या.

शेणगोळ्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी ती सांगत नाही. त्याऐवजी मुक्ता साळवेची सांगते. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती विचारते, की वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता? शाळा सुरू होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती.

रखमाबाईंचा खटला नेमका काय होता?

रखमाबाईंचा जन्म १८६४चा. अकराव्या वर्षी लग्न झाले, नवरा दादाजी भिकाजी. रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. रखमाबाई त्यांच्याच घरी राहिल्या, वाचायला शिकल्या, नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. जी बाई कधी नांदलीच नाही तिला बळजबरीने नवऱ्याच्या घरी धाडणे त्यांना रानटीपणाचे वाटले. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे पेटली. अपिलात हा निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवले, की तुरुंगात जाईन.

मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा नकार. तोवर सगळे भांडण शास्त्र काय म्हणते आणि इंग्रजी कायदा काय म्हणतो एवढ्याचेच होते. या बाईने विचारले, की ज्या लग्नाला मी होकार दिलाच नाही ते मला बांधते कसे? ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेल्या पत्रांत तिने बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे खुंटते ते आधीच मांडले होते. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि प्रकरण मिटले. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले.

त्या वारल्या सप्टेंबर १९५५ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला होता, आणि त्याच्या कलम ९ मध्ये तोच दावा पुन्हा बसवलेला होता. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्ये गेली होती, दावा मात्र राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले. आजही कौटुंबिक न्यायालयात ‘नांदायला येण्याचा’ दावा लागतो. पोटगी टाळायला नवऱ्याकडून तो कसा वापरला जातो ते कोणत्याही वकिलाला विचारा.

संमतीवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध का केला?

आधी कायदा काय ते पाहू. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय दहा वर्षे होते, विवाहित मुलींनाही तेच लागू. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. त्यात रखमाबाईंचा खटला आला, आणि कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. मार्च १८९१ मध्ये वय बारा झाले. बारा! एवढ्यावर महाराष्ट्रात सभा उधळल्या गेल्या.

टिळकांचे म्हणणे, की सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने धर्मात हात घालू नये. हा युक्तिवाद तेव्हा लोकांना पटला आणि आजही कुणी ना कुणी तो मला ऐकवतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राच्याच आधारे दाखवून दिले, की कायद्याने धर्म बुडत नाही. आगरकर आणि रानडेही कायद्याच्या बाजूने होते. माझे मत विचाराल तर परकीय सत्तेचा मुद्दा खोटा नव्हता, पण त्या सत्तेविरुद्धची ढाल म्हणून दहा वर्षांची मुलगी पुढे केली गेली. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, आणि अठराचा आकडा यायला १९७८ उजाडले.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, मग कर्व्यांच्या लग्नाचा १८९३ मध्ये एवढा गहजब का?

कायद्याने परवानगी दिली होती, गावाने नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याचे महिलाश्रम, मग १९१६ चे महिला विद्यापीठ हे सगळे त्यानंतरचे.

पण विधवाविवाहाची ही बंदी मुळात ब्राह्मण आणि तत्सम जातींतली. बाकी बहुतेक समाजांत पाट किंवा मोहतूर लावून विधवा दुसरे घर करतच होती. आणि १८५६ च्या कायद्यात एक काटा होता. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. मुंबईच्या न्यायालयाने तो काटा पाटाची रूढी असलेल्या जातींच्या बायकांनाही लावला. सुधारणेच्या कायद्याने काही बायकांचे असलेलेही गेले, हे व्याख्यानांत कुणी सांगत नाही.

न्हाव्यांनी संप केला होता हे खरे का?

हो. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच नाही म्हटले! त्याआधी १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, तिथे फसवल्या गेलेल्या विधवा गुपचूप बाळंत होत. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

आता हे जुने झाले असे वाटत असेल तर मे २०२२ आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करायला सांगितले.

दलित स्त्रियांचा इतिहास वेगळा का सांगता? सगळ्या बायका सारख्याच ना?

सारख्या असत्या तर वेगळा सांगावा लागला नसता. कर्व्यांच्या आश्रमात सुरुवातीला आली ती ब्राह्मण विधवा, गिरणीतली बाई नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलून जातीची खूण दाखवणारे लुगडे आणि दागिने टाकायला सांगितले. ते त्यांनी लगेच केले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बायका होत्या. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचना डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिला जवळपास पंचवीस हजार बायका आल्या. ठराव वाचले की थक्क व्हायला होते. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद करा, गिरणीत आणि विडीच्या कामावर असलेल्या बायकांना रजा द्या. लग्न, घटस्फोट आणि वारसाहक्काचे हिंदू कायदे बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाची चर्चा दिल्लीत रंगायच्या आधी नागपूरच्या मांडवात हे मागून झाले होते.

या बायकांच्या आठवणी ऐंशीच्या दशकात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन नोंदवल्या. तोवर त्या कुठल्याच इतिहासात नव्हत्या.

बाळंतपणाची पगारी रजा केव्हापासून आहे?

मुंबई इलाख्यात १९२९ पासून, आणि असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. गिरण्यांतल्या कामगार बायकांसाठी तो होता. विधिमंडळात १९२८ मध्ये आंबेडकरांनी बाजू घेताना म्हटले होते, की हा भार मालकाने आणि शेवटी सरकारनेही उचलावा, कारण यात देशाचे हित आहे. शेतमजूर बाईपर्यंत ती रजा अजून पोचायची आहे.

मतदानाचा हक्क बायकांना कधी मिळाला?

मुंबई प्रांतात १९२१ मध्ये, पण मालमत्तेची अट घालून. म्हणजे मूठभर बायकांना. त्यासाठी झगडणाऱ्यांत रमाबाई रानडे पुढे होत्या. सगळ्यांना हक्क दिला तो राज्यघटनेने. तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून दिले होते. ही बहुतेक प्रकरणे उत्तरेकडची. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो, पण आपले नाव सांगायला बायका कचरत नाहीत, हे त्यातल्या त्यात बरे.

हिंदू कोड बिलाने नक्की काय दिले?

आंबेडकरांनी मांडलेले बिल संसदेत रखडवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. राजीनाम्याची कारणे एकापेक्षा जास्त होती, त्यांतले हे एक ठळक. पुढे १९५५-५६ मध्ये तेच बिल चार तुकड्यांत मंजूर झाले. एकपत्नीत्व सक्तीचे झाले, घटस्फोट आला, मुलगी, विधवा आणि आई या मुलाच्या बरोबरीने वारस झाल्या, आणि बाईच्या नावावर जे आहे ते पूर्णपणे तिचे झाले. आधी तिला ते फक्त हयातीपुरते वापरता यायचे. राहिले ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबातले जन्मसिद्ध हिस्सेदारपण. ते पुरुषांकडेच ठेवले. त्याची गोष्ट शेवटच्या प्रश्नात येते.

मुस्लिम स्त्रियांनी काही मागितलेच नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

१८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. सात, फक्त सात. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा ही मागणी. सोबत समाजसुधारक हमीद दलवाई. चार वर्षांनी, मार्च १९७० मध्ये, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले आणि तलाकपीडित बायकांच्या परिषदा भरू लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला ऑगस्ट २०१७ मध्ये. त्या सात जणींनंतर एक्कावन्न वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने हाजीअली दर्ग्याच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्याची बंदी उठवली होती, आणि तीही मुस्लिम बायकांनीच दाखल केलेल्या याचिकेवर.

मथुरा प्रकरण शिकवताना एवढा वेळ का घेता?

कारण बलात्काराच्या कायद्यात त्यानंतर जे जे बदलले त्याचा उगम तिथे आहे, आणि ते आपल्याच मातीत घडले. मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. मथुरा नावाची एक अल्पवयीन आदिवासी मुलगी, बाहेर थांबलेले तिचे नातेवाईक, आत बलात्काराचा आरोप असलेले दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि एक फरक नेमका सांगितला, की धाक आणि भीतीपोटी मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीने पोलिसांशी झटापट करावी, ही अपेक्षा कोणती? पत्र हातोहात फिरले. १९८० मध्ये मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, मार्चमध्ये गावोगाव मोर्चे निघाले. फेरविचार याचिका फेटाळली गेली, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध आला हे सिद्ध झाले आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, की न्यायालयाने तसेच धरून चालायचे. पीडितेचे नाव छापायला बंदी आली. तिच्या चारित्र्याची उलटतपासणी करायची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले कलम जायला मात्र आणखी वीस वर्षे गेली.

हे सगळे त्या मुलीच्या नावावर जमा आहे. तिच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही.

आता सगळे कायदे बायकांच्या बाजूने झुकलेत, नाही का?

हा प्रश्न हमखास मागच्या बाकावरून येतो. मी उलट विचारते, की नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हा आहे का? बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर नव्या न्यायसंहितेतही तो बलात्कार धरलेला नाही. १८९१ मध्ये वय बारा केले तेव्हा निदान नवऱ्याला त्या वयाखाली सूट नव्हती. बाराच्या पुढे बायकोची संमती कायद्याने विचारलीच नाही, आणि आज अठराच्या पुढे विचारत नाही. खोट्या तक्रारी होतात का? होतात, जशा जमिनीच्या आणि मारामारीच्याही होतात. त्यावरून कुणी जमिनीचा कायदा रद्द करा म्हणत नाही.

लाटणे मोर्चा कशासाठी होता?

महागाईसाठी. १९७२ च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेना, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती काढली. हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या मृणालताई ‘पाणीवाली बाई’. त्या १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोक म्हणाले, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ त्याच सुमारास शहाद्याकडे भिल्ल बायका दारूच्या भट्ट्या फोडत होत्या. नवऱ्याचा मार आणि दारू हे एकाच गाठोड्यातले, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद भरली, तिथे कामगार, शेतमजूर आणि शिकलेल्या शहरी बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येने एका मांडवात आल्या.

समान कामाला समान मजुरी मिळते का?

कायदा १९७६ मध्येच झाला. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्राने बाई-माणसाला एकच दर दिला, आणि दुष्काळात खडी फोडायला आलेल्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. ऊसतोडीत मात्र हिशोबच वेगळा. तिथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, टनाचा दर कोयत्याला, आणि पैसे मोजून घेतो नवरा. बाई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण कागदावर ती अर्धा कोयता. तिची समान मजुरी मोजणार तरी कशाच्या बरोबरीने?

आरक्षणाने काय साधले? कारभार तर सरपंचपतीच पाहतो.

महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत १९९० मध्येच तीस टक्के जागा दिल्या. घटनादुरुस्तीने तेहतीस झाल्या, २०११ मध्ये राज्याने पन्नास केल्या. सरपंचपती आहेत, नाकारत नाही. पण पहिल्या खेपेला सही करायला घाबरणारी बाई दुसऱ्या खेपेला ग्रामसेवकाला खर्चाचा हिशोब विचारते, हे मी बैठकांत बसून पाहिले आहे. लोकसभा-विधानसभेच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, ती मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली.

गर्भलिंगनिदानाचा कायदा आधी कुठे झाला?

महाराष्ट्रात, १९८८ मध्ये, मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रेटा लावल्यामुळे. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. सोनोग्राफी यंत्र गावोगाव पोचले ते पाण्याच्या नळाआधी.

गोव्यातल्या बायकांना जास्त हक्क आहेत, असे ऐकले.

काही बाबतींत हो. पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता तिथे मुक्तीनंतरही चालू राहिली. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते, बायको निम्म्याची धनी. मुलगा-मुलगी दोघांनाही वारसातून पूर्णपणे वगळता येत नाही. आपल्याकडे घटस्फोटात बाईला पोटगी मागावी लागते, तिथे ती हिस्सा मागते. पण आरतीच ओवाळू नका. १८८० च्या एका फर्मानाने गोव्यातल्या हिंदू पुरुषाला, बायकोला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर दुसरे लग्न करायची सूट दिली होती.

वडिलांच्या जमिनीत मुलीचा हक्क असतो का? आणि हक्कसोडपत्रावर सही करावी का?

हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेकदा कार्यक्रम संपल्यावर, कोपऱ्यात घेऊन.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सेदार केले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. एकाच घरात थोरलीला नाही, धाकटीला आहे, अशी गंमत झाली. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि शेतजमिनीला वेगळे काढणारी जुनी तरतूदही गेली. मग वाद आला, की त्या दिवशी वडील हयात हवेत का? ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नकोत. हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर अवलंबून नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही, आणि वडिलांनी स्वतः कमावलेले ते मृत्युपत्राने हवे त्याला देऊ शकतात.

शेतकऱ्यांच्या बाजूने हा प्रश्न पूर्वी एकदा वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न झाला. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचे प्रचंड अधिवेशन भरवले, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाने नवऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करण्याची मोहीम चालवली. काही गावांत ती झालीही. बहिणीच्या नावाने अशी मोहीम मात्र कुणी काढली नाही.

बहिणीसाठी आहे ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. वडिलांचे दिवस होतात, तलाठ्याकडे वारस नोंद लागते, फेरफारात बहिणींची नावे चढतात, आणि मग भाऊ एक दिवस गाडी घेऊन येतो. ‘तालुक्याला जाऊन येऊ, एक सही आहे.’ सही नाही केली तर माहेर तुटते, ही भीती खोटी नाही. मीही कुणाला ‘करू नकोस’ असे सरसकट सांगत नाही. ज्या बाईला नवऱ्याने हाकलल्यावर माहेरची एक खोली लागणार आहे, तिचा हिशोब तिलाच माहीत.

एवढे मात्र सांगते. सही करायला कायद्याने कुणी भाग पाडू शकत नाही. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, साध्या कागदावरची सही पुरत नाही, आणि एकदा नोंदले की फिरवणे फार अवघड. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकमाईच्या मालमत्तेवर मुलीचा हक्कच अजून तयार झालेला नसतो, म्हणून आधीच घेऊन ठेवलेल्या सहीला कायद्यात फारसा अर्थ नाही. आधी सातबारा स्वतः काढा, आता तो मोबाईलवर दिसतो. कोणते गट नंबर, किती क्षेत्र, विहीर कोणाच्या नावावर, ते वाचा. कागद घरी आणून दोन दिवस ठेवा, मुलीला वाचायला द्या. सोडायचेच असेल तर सगळे सोडायची गरज नाही, एक गट ठेवून बाकीचा सोडता येतो. आणि मोबदला घेणार असाल तर आकडा कागदावर लिहून घ्या. साडी मोबदल्यात धरायची नाही.